हिशोब मांडण्याआधी : हाती असलेली माहिती पुरेशी आहे काय?

शिलाईच्या कारखान्यातून आठवड्याच्या अखेरीस तयार माल व्यापाऱ्याकडे जातो. सोबत एक चिठ्ठी जाते. तीवर लिहिलेले असते : कुर्ता ७० रुपये, पायजमा ४० रुपये, एकूण मजुरी ५,२०० रुपये. नग किती, हे लिहिलेले नसते, कारण त्या दिवशी ते दोघांनाही तोंडपाठ असते. दोन महिन्यांनी कपड्याचा हिशोब निघतो. कारागीर म्हणतो, चाळीस कुर्ते आणि साठ पायजमे दिले. व्यापारी म्हणतो, छत्तीस कुर्ते आणि सदुसष्ट पायजमे आले. कपडा तर चाळीस कुर्त्यांचा दिला होता, मग चार कुर्त्यांचा कपडा गेला कोठे? आळ येतो तो कारागिरावर.

चिठ्ठी काढून पाहावी, तर तीवरून दोघेही खरे ठरतात. ४० कुर्त्यांचे २,८०० आणि ६० पायजम्यांचे २,४००, मिळून ५,२००. ३६ कुर्त्यांचे २,५२० आणि ६७ पायजम्यांचे २,६८०, मिळून पुन्हा ५,२००. इतकेच काय, या एका रकमेत बरोबर बसतील अशा कुर्ता-पायजम्याच्या १८ जोड्या निघतात. बेरीज कितीही वेळा तपासली तरी हा तंटा मिटणार नाही. चिठ्ठीवर ‘एकूण नग १००’ एवढे दोन शब्द असते, तर तो उभाच राहिला नसता.

हिशोब सोडवायला बसण्यापूर्वी ‘हा हिशोब सुटण्याइतकी माहिती माझ्याजवळ आहे काय?’ असे विचारणे ही एक स्वतंत्र विद्या आहे. आपली मुले बँकेतील अधिकाऱ्यांच्या परीक्षेला बसतात तेव्हा नेमके हेच त्यांना विचारले जाते. संघ लोकसेवा आयोग आणि आपला महाराष्ट्र लोकसेवा आयोग यांच्या पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरातही हा विषय आहे. व्यवस्थापनाच्या शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांच्या जीमॅट परीक्षेत तर तो हटकून असतो. इंग्रजीत याला डेटा सफिशिअन्सी म्हणतात, मराठीत माहितीची पर्याप्तता. लागणारे गणित दहावीपलीकडचे नाही. तरीही हुशार मुले येथे गडबडतात, कारण शाळेत त्यांना उत्तर काढण्याची सवय लागलेली असते, उत्तर निघेल की नाही हे पाहण्याची नसते. उलट बाजारात बसणाऱ्या बापाला ही नजर असते, पण समीकरण मांडण्याची सवय नसते. म्हणून आजचा धडा आम्ही बाप आणि मुलगा दोघांसाठी लिहीत आहोत.

प्रश्नाचा साचा

एक प्रश्न दिलेला असतो आणि त्याखाली दोन विधाने असतात. उत्तर पाचांपैकी एक असते :

(अ) फक्त पहिले विधान पुरेसे आहे, दुसरे नाही.
(ब) फक्त दुसरे विधान पुरेसे आहे, पहिले नाही.
(क) एकेकटे कोणतेच पुरेसे नाही, पण दोन्ही मिळून पुरेसे आहेत.
(ड) दोन्हींपैकी कोणतेही एकटे पुरेसे आहे.
(इ) दोन्ही मिळूनही पुरेसे नाहीत.

परीक्षेत या पर्यायांचा क्रम बदलू शकतो, म्हणून सूचना वाचून घ्यावी. आता वरची चिठ्ठी या साच्यात बसवू. कुर्ता ७० रुपये आणि पायजमा ४० रुपये या दराने मजुरी झाली. कुर्ते किती? पहिले विधान : एकूण मजुरी ५,२०० रुपये. दुसरे विधान : एकूण नग १००.

कुर्त्यांची संख्या क्ष माना, पायजम्यांची य. पहिल्या विधानातून समीकरण मिळते : ७० क्ष + ४० य = ५,२००. अज्ञात दोन, समीकरण एक. पुरेसे नाही, हे आपण वर पाहिलेच. दुसऱ्यातून मिळते : क्ष + य = १००. हेही एकटे निरुपयोगी. दोन्ही एकत्र घेतली की क्ष = १०० − य, म्हणून ७,००० − ७० य + ४० य = ५,२००, म्हणजे ७,००० − ३० य = ५,२००. येथून पुढे उत्तर एकच येणार हे स्पष्ट आहे. पर्याय क.

परीक्षेत येथेच थांबावे. य ची किंमत काढत बसू नये, वेळ जातो. बाजारात मात्र काढावीच लागते, म्हणून पुढे जाऊ. उजे ३० य दुसऱ्या बाजूस नेले : ७,००० = ५,२०० + ३० य. मग दोन्ही बाजूंचे ५,२०० वजा केले : १,८०० = ३० य. पायजमे ६०, कुर्ते ४०. कारागीर खरा होता.

या शेवटच्या दोन पायऱ्यांना हजार वर्षांहून जुनी नावे आहेत. उणे पद दुसऱ्या बाजूस नेऊन भरपाई करणे म्हणजे ‘जब्र’, आणि दोन्ही बाजूंची समान पदे समोरासमोर ठेवून उडवणे म्हणजे ‘मुकाबला’. नवव्या शतकाच्या पूर्वार्धात, खलीफा मामूनच्या काळात (इ. स. ८१३ ते ८३३), बगदाद येथे मुहम्मद बिन मूसा अल-ख्वारिज्मी यांनी जब्र आणि मुकाबला यांवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्याच नावातून अल्जिब्रा हा शब्द युरोपात गेला. आपल्या वाचकांनी ध्यानात घेण्यासारखी बाब ही की, प्रस्तावनेत त्यांनी ग्रंथाचा उपयोग सांगितला आहे तो वारसा, मृत्युपत्र, वाटणी, खटले, व्यापार, जमिनीची मोजणी आणि कालवे खोदणे यांसाठी. सारा ग्रंथ शब्दांत लिहिलेला आहे, त्यात आपल्यासारखी चिन्हे नाहीत. अज्ञात राशीला ते ‘शय’ म्हणजे ‘वस्तू’ म्हणत. दुकानदाराने क्ष ला भिऊ नये. ‘ती वस्तू’ असे म्हटले तरी हिशोब तोच आहे.

जितके अज्ञात तितकी समीकरणे : हा नियम कोठे फसतो

शिकवणीत मुलांना एक नियम पाठ करवतात. दोन अज्ञात असतील तर दोन समीकरणे हवीत, तीन असतील तर तीन. नियम चांगला आहे, पण परीक्षक प्रश्न काढतो तो याच नियमावर विसंबणाऱ्याला पकडण्यासाठी. तो दोन्ही बाजूंनी फसतो. कधी समीकरणे पुरेशी दिसतात आणि नसतात, कधी अपुरी दिसतात आणि पुरतात.

बांगड्यांच्या मण्याराचे उदाहरण घ्या. मोठ्या बांगड्यांचा डबा आणि लहान बांगड्यांचा डबा यांचे भाव त्याला काढायचे आहेत. जुनी दोन बिले सापडली. एका बिलात ४ मोठे आणि ६ लहान डबे, २,६०० रुपये. दुसऱ्यात १० मोठे आणि १५ लहान डबे, ६,५०० रुपये. दोन अज्ञात, दोन बिले, झाले काम, असे वाटते. पण पहिल्या समीकरणाला २ ने भागा : २ क्ष + ३ य = १,३००. दुसऱ्याला ५ ने भागा : २ क्ष + ३ य = १,३००. दुसरे बिल म्हणजे पहिलेच बिल अडीचपट करून लिहिलेले आहे. त्यातून नवे काहीच कळत नाही. मोठा डबा ३५० आणि लहान २०० असेल, किंवा ५०० आणि १०० असेल. उत्तर इ. पंचासमोर दोन साक्षीदार आले आणि दुसऱ्याने पहिल्याचेच शब्द पुन्हा म्हटले, तर साक्ष एकच धरावी लागते.

समजा दुसरे बिल ६,७०० चे निघाले, तर? मग दोन्ही बिले एकाच भावाची असूच शकत नाहीत. परीक्षेत असे होत नाही, तेथे दोन्ही विधाने खरी धरूनच चालायचे असते. बाजारात होते, आणि तेव्हा भाव मध्येच वाढला की बेरीज चुकली हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता उलट बाजू पाहा. अत्तराची छोटी कुपी ३५ रुपये, मोठी ६० रुपये. गिऱ्हाइकाने दोन्ही प्रकार घेतले आणि ५०० रुपये दिले. छोट्या कुप्या किती? समीकरण एकच : ३५ क्ष + ६० य = ५००. पाचाने भागून ७ क्ष + १२ य = १००. नियमाप्रमाणे माहिती अपुरी. पण कुपी अर्धी विकली जात नाही. क्ष आणि य पूर्ण संख्याच हव्यात. य ला १, २, ३ अशा किमती देत चला : १०० मधून १२, २४, ३६, ४८, ६० वजा केले तर ८८, ७६, ६४, ५२, ४० उरतात, आणि यांपैकी एकालाही ७ ने भाग जात नाही. ७२ वजा केले की २८ उरतात, त्यांना जातो. पुढे १६ आणि ४ उरतात, त्यांना जात नाही. म्हणून मोठ्या ६, छोट्या ४, दुसरे उत्तरच नाही. एका समीकरणाने काम झाले.

याच दुकानात याच दराने बिल ९२० रुपयांचे झाले, तर? छोट्या १६ आणि मोठ्या ६ घेतल्या तरी ९२० होतात. छोट्या ४ आणि मोठ्या १३ घेतल्या तरी ९२० होतात. आता माहिती अपुरी. कारण सोपे आहे. १२ छोट्या कुप्यांचे ४२० रुपये होतात आणि ७ मोठ्यांचेही ४२०. बिलात १२ छोट्या काढून ७ मोठ्या घालण्याइतकी जागा निर्माण झाली की दुसरे उत्तर उभे राहते. ५०० च्या बिलात ४ छोट्या आणि ६ मोठ्या होत्या, म्हणून अदलाबदल शक्यच नव्हती. कुर्त्या-पायजम्याच्या चिठ्ठीत ४ कुर्ते २८० चे आणि ७ पायजमेही २८० चेच, म्हणून व्यापाऱ्याचा आकडा बरोबर चार कुर्त्यांनी कमी आणि सात पायजम्यांनी जास्त होता, तरी रक्कम जुळली.

असल्या प्रश्नांचा जुन्या लोकांना मोठा शौक होता. मिसरचे अबू कामिल यांनी अल-ख्वारिज्मींनंतर पक्ष्यांच्या खरेदीवर एक पुस्तकच लिहिले. १०० दिरहमांत १०० पक्षी घ्यायचे, बदक ५ दिरहमांना एक, चिमण्या एका दिरहमाला २०, कोंबडी एका दिरहमाला एक. अज्ञात तीन, समीकरणे दोन, आणि तरी तिन्ही प्रकार घ्यायचे तर उत्तर एकच निघते : १९ बदके, ८० चिमण्या, १ कोंबडी. पण त्याच पुस्तकात पाच प्रकारच्या पक्ष्यांचा एक प्रश्न आहे, त्याची त्यांनी २,६७६ उत्तरे मोजली. आपल्याकडे भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातील ‘बीजगणिता’तही १०० नाण्यांत १०० पक्षी आणण्याचा असाच प्रश्न आहे, कबुतरे, सारस, हंस आणि मोर यांचा.

पूर्ण संख्येची ही अट नगांना लागते, रुपये-पैशांना लागत नाही. जीएसटीच्या बिलाचा प्रश्न घ्या. बिलात काही माल ५ टक्के कराचा आहे, काही १८ टक्क्यांचा. करासह एकूण बिल ११,१५० रुपये. ५ टक्क्यांचा माल किती रुपयांचा? मालाची किंमत कितीही पैशांची असू शकते, म्हणून एका समीकरणावर असंख्य उत्तरे बसतात. त्यात कराची रक्कम १,१५० असे कळले, की माल १०,००० चा ठरतो आणि दुसरे समीकरण मिळते. सारा माल १८ टक्क्यांचा असता तर कर १,८०० झाला असता. ६५० कमी आहे, आणि दर शंभरामागे १३ कमी पडतात, म्हणून ५ टक्क्यांचा माल ५,००० चा. बिलात कर वेगळा दाखवावा लागतो त्याचा असाही फायदा आहे. (सूरह बकरहच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. काय लिहावे म्हणजे लिहिलेले पुरेल, एवढे बीजगणित सांगते.)

विचारले काय आहे, तेवढेच पाहा

कल्हईवाल्याकडे दोन गिऱ्हाइके आली. एकाने ३ डेगच्या, ७ ताटे आणि १ परात कल्हई करून घेतली, बिल १,११० रुपये. दुसऱ्याने ४ डेगच्या, १० ताटे आणि १ परात, बिल १,४४० रुपये. तिसरा विचारतो, माझी एक डेगची, एक ताट आणि एक परात आहे, किती घ्याल? कल्हईवाल्याचा मुलगा दुकानावर एकटाच आहे आणि त्याला सुटे भाव ठाऊक नाहीत.

तीन अज्ञात, दोन समीकरणे. एकेका भांड्याचा भाव काढू म्हटले तर निघणार नाही. पण तो कोणी विचारलेलाच नाही. विचारली आहे ती तिन्हींची बेरीज. पहिले बिल तिप्पट करा : ९ डेगच्या, २१ ताटे, ३ पराती, ३,३३० रुपये. दुसरे दुप्पट करा : ८ डेगच्या, २० ताटे, २ पराती, २,८८० रुपये. वजा केले की एक डेगची, एक ताट, एक परात आणि ४५० रुपये उरतात. मुलाने बेधडक ४५० सांगावेत. परीक्षेत असा प्रश्न आला की घाईने ‘इ’ लिहिणारे पुष्कळ असतात.

भागीदारीतही हेच. एकाने वर्षभर भांडवल ठेवले, दुसरा चार महिन्यांनी आला. पैसा आणि मुदत यांच्या गुणाकाराप्रमाणे नफा वाटायचा ठरले आहे. नफा कोणत्या प्रमाणात वाटावा? पहिले विधान : पहिल्याचे भांडवल दुसऱ्याच्या दीडपट होते. दुसरे विधान : दुसऱ्याने ४०,००० रुपये घातले होते. पहिल्या विधानावरून दीड गुणिले १२ म्हणजे १८ आणि एक गुणिले ८ म्हणजे ८, प्रमाण ९ : ४. एकही रुपयाचा आकडा न कळता प्रमाण मिळाले. दुसऱ्या विधानात रुपये आहेत, पण त्यातून प्रमाण निघत नाही. उत्तर अ. ‘किती रुपये?’ असे विचारले असते तर मात्र एकूण नफा कळल्याखेरीज इलाज नव्हता. मुदारबतमध्ये, म्हणजे एकाचे भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत अशा भागीदारीत, नफ्याचा वाटा निम्मा, तिसरा असा प्रमाणातच ठरवावा, ठोक रकमेत ठरवू नये, असे फिकहचे ग्रंथ सांगतात. प्रमाण पहिल्या दिवशी पक्के करता येते. नफा किती होईल, याची माहिती पहिल्या दिवशी कोणाजवळही नसते.

काही प्रश्नांचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच असते. दोन जुनी शिलाई मशिने विकली, व्यवहारात एकूण नफा झाला काय? विधान : दोन्ही सारख्याच किमतीस विकली, एकावर शेकडा २० नफा झाला, दुसरीवर शेकडा २० तोटा. विकल्याची किंमत दिलेली नाही. ती लागतही नाही. समजा ९,६०० ला एक विकली. नफ्याची ८,००० ला पडली होती, तोट्याची १२,००० ला. खर्च २०,०००, आले १९,२००. किंमत कोणतीही धरा, तोटा शेकडा ४ च येतो. उत्तर ठाम ‘नाही’ आहे, आणि ठाम ‘नाही’ मिळाले म्हणजेही माहिती पुरेशी आहे. पुष्कळ मुले ‘नाही’ हे उत्तर आले की माहितीच पुरेशी नाही असे समजतात. त्यांनी हे दोन ‘नाही’ वेगळे ओळखावयास शिकावे.

दोन उत्तरे येतात तेव्हा

गाळ्याच्या सौद्यात ही गोष्ट महागात पडते. आयताकृती गाळा, क्षेत्रफळ १,२०० चौरस फूट, चारी भिंतींची मिळून लांबी १४० फूट. रस्त्याकडील दर्शनी बाजू किती? दर्शनी बाजू क्ष, तर आतली खोली ७० − क्ष. गुणाकार १,२००, म्हणजे क्ष चा वर्ग + १,२०० = ७० क्ष. क्ष = ३० चालतो आणि ४० ही चालतो. गाळा एकच आहे, ३० बाय ४० चा. त्याची मोठी बाजू किती असे विचारले तर ४०, माहिती पुरेशी. पण रस्त्याकडे ३० फूट आहे की ४०, हे या दोन आकड्यांवरून कोणालाही सांगता येणार नाही, आणि दुकानाची किंमत तर दर्शनी बाजूवरच ठरते. कागदावर क्षेत्रफळ पाहून विसार देणाऱ्यांनी याचा विचार करावा. वर्ग अधिक संख्या बरोबर क्ष ची पट, असल्या समीकरणाला दोन खरी उत्तरे असू शकतात, हे अल-ख्वारिज्मींनी आपल्या ग्रंथात उदाहरणासह दाखवले आहे : क्ष चा वर्ग + २१ = १० क्ष, उत्तरे ३ आणि ७.

न सांगितलेली अट

सर्वात बिकट प्रश्न तो, ज्यात एक अट कोणी बोलूनच दाखवत नाही. अल-ख्वारिज्मींच्या ग्रंथाचा मोठा भाग मृत्युपत्र आणि वारसा यांच्या हिशोबांनी भरला आहे, म्हणून तेथलेच उदाहरण घेऊ. एक गृहस्थ वारले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलीच्या वाट्यास ७०,००० रुपये आले. वाटली गेलेली एकूण रक्कम किती?

पत्नीचा आठवा हिस्सा. उरलेल्या ७/८ चे पाच भाग, मुलाला दोन आणि मुलीला एक. मुलीचा हिस्सा ७/४०. ७/४० क्ष = ७०,०००, म्हणून क्ष = ४,००,०००. पत्नीला ५०,०००, प्रत्येक मुलाला १,४०,०००. एका आकड्यावरून सारी वाटणी निघाली, कारण बाकीची समीकरणे शरीअतने आधीच दिलेली आहेत.

पण मयताची आई हयात आहे काय? प्रश्नात ‘मागे’ म्हणून जी यादी दिली ती पूर्ण आहे असे आपण धरले. आई हयात असेल तर तिचा सहावा हिस्सा निघतो, आणि मुलीचा हिस्सा २१/१२० वरून १७/१२० वर येतो. वडील असतील तर हिशोब आणखी बदलतो. शिवाय ४,००,००० ही कर्ज आणि वसीयत फेडून उरलेली रक्कम आहे. मयताने एकूण किती सोडले, हे कर्जाचा आकडा कळल्याशिवाय सांगता येत नाही. परीक्षेच्या प्रश्नात जेवढे छापले तेवढेच खरे आणि पुरे मानावे. घरच्या वाटणीत मात्र कागद पुढे ओढण्यापूर्वी तोंडाने विचारून घ्यावे : आणखी कोणी हकदार आहे का, आणखी कोणाचे देणे आहे का?

सोडवण्याची रीत

प्रथम प्रश्नाच्या मुख्य वाक्यातच एखादे समीकरण लपले आहे काय ते पाहावे. ते मोजायचे राहून जाते आणि मग पुरेसे विधान अपुरे वाटते. नंतर पहिले विधान एकटे तपासावे. मग ते झाकून टाकून दुसरे एकटे तपासावे. ‘झाकून’ हा शब्द आम्ही शब्दशः वापरत आहोत, बोट ठेवून झाका. पहिल्या विधानातील आकडा डोक्यात घेऊन दुसरे वाचणे ही या प्रश्नातील नेहमीची चूक आहे. तंट्यात बसलेला पंच एका पक्षाचे ऐकून दुसऱ्याकडे वळतो तेव्हा त्यालाही हीच अडचण येते. दोन्ही एकेकटी अपुरी ठरली, तरच ती एकत्र करावीत. आणि दोन्ही अपुरी वाटली की एकदा उलट प्रयत्न करावा : विधान खरे ठेवून दोन वेगवेगळी उत्तरे बनवता येतात काय? कुर्त्यांचे ४० आणि ३६ जसे बनले तसे. दोन बनली तर माहिती अपुरी, हे सिद्ध झाले. बनत नसतील तर पुन्हा पाहा, कदाचित अत्तराच्या कुपीसारखा मामला असेल.

सरावासाठी तीन प्रश्न देतो.

१. शिलाई मशीन विकून शेकडा किती नफा झाला? (१) विक्रीची किंमत खरेदीच्या सव्वापट होती. (२) नफा १,५०० रुपये झाला.

२. बेकरीत नानखटाईचा डबा ९० रुपये आणि टोस्टचा पुडा ४० रुपये. गिऱ्हाइकाने दोन्ही प्रकार घेतले. नानखटाईचे डबे किती? (१) बिल ४३० रुपये झाले. (२) एकूण ७ नग घेतले.

३. दोन कारागीर मिळून एक ऑर्डर ६ दिवसांत पुरी करतात. पहिला एकटा किती दिवसांत करील? (१) पहिल्याच्या कामाचा वेग दुसऱ्याच्या दुप्पट आहे. (२) दुसरा एकटा १८ दिवस घेतो.

उत्तरे : पहिल्याचे अ, नफा शेकडा २५. दुसऱ्याचेही अ. ९ क्ष + ४ य = ४३ यात ३ डबे आणि ४ पुडे एवढेच बसते, येथे ‘क’ लिहिणाऱ्यांनी अत्तराचे उदाहरण पुन्हा पाहावे. तिसऱ्याचे ड. दोघांचे रोजचे मिळून काम १/६ हे समीकरण प्रश्नातच आहे, म्हणून कोणतेही एक विधान पुरते, आणि दोन्हींतून पहिल्याचे ९ दिवसच येतात.